साक्षीला बैल

राजे अजितरावांच्या राज्यात चोरी होत नसे. झालीच तर ती कागदावर चढत नसे, आणि जे कागदावर नाही ते राजेसाहेब मानत नसत.

हे सगळं पुण्य ठाणेदार रंभाजींचं! करंजखोऱ्याच्या हरबांची बैलजोडी कुणीतरी दावणीची सोडून नेली, तेव्हा हरबा धापा टाकत ठाण्यावर गेले.

"चोरीला गेलेला माल दाखव," ठाणेदार म्हणाले.

"माल असता तर आलो कशाला असतो, साहेब?"

"माल नाही? मग चोर तरी आण!"

"चोर तुम्ही धरायचा!"

"न झालेल्या चोरीचा चोर मी कुठून धरू?"

हरबा आल्या पावली परतले. त्या जोडीवर गावच्या विहिरीची मोट चालायची आणि मोटेच्या पाण्यावर सगळं गाव. आता बायका कोसभर लांबच्या ओढ्यावर जाऊ लागल्या. सरकारी कागदावर मात्र 'पाणी मुबलक, रस्ता उत्तम, चोरी शून्य' हे तसंच राहिलं. कागदाला काही ओढ्यावर जावं लागत नव्हतं.

दोन महिन्यांनी खुद्द राजेसाहेब गावात आले. सलग सात वर्षं चोरी शून्य, म्हणून ठाणेदारांच्या हातात सोन्याचं कडं घालायचं होतं. राजेसाहेबांना आणायला ठाणेदारांची नवी दमणी गेली होती. दमणीला दोन काळेभोर बैल, शिंगं तासून लालबुंद रंगवलेली, शेंड्यांना पितळी टोपणं.

हरबांची सून राही बायकांच्या घोळक्यात पदर सावरून उभी होती. लग्नाला चार महिने झाले होते, पण तिचा आवाज गावात फारसा कुणी ऐकला नव्हता. डोळे मात्र कामात असायचे. डावीकडचा बैल थांबल्या थांबल्या मागचा पाय अधांतरी धरून उभा राहिला, तशी ती हळूच म्हणाली, "मामंजी, हा आपला भिंगऱ्या. थांबला की असाच पाय धरतो. त्याचे ठिपके बुजवलेत."

हरबा हात जोडून पुढे धावले. "महाराज, हे बैल माझे!"

"साफ खोटं!" ठाणेदार गरजले. "लांबच्या जत्रेतून आणलेत. जन्म गाडीत गेला यांचा. विहीर कशी असते तेसुद्धा ठाऊक नाही!"

राजेसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. "कागद सांगतो चोरी शून्य. आणि माणसं काय, हवं ते बोलतात. बैलानं स्वतः साक्ष दिली तरच मी मानीन! नाही दिली, तर खोट्या तक्रारीपायी तुझी जमीन सरकारजमा!"

ठाणेदार मिशीत हसले.

"देतील की साक्ष," पदराआडून आवाज आला.

साऱ्या गावाच्या माना वळल्या. हरबांची सून बोलते?

"काय हवं तुला त्यासाठी?" राजेसाहेबांनी विचारलं.

"घागरभर पाणी, महाराज."

"एवढंच? पाणी तर मुबलक आहे. आणा रे!"

शिपाई गावभर हिंडला आणि रिकामा परत आला. शेवटी अकरा घरांतून तांब्या तांब्या गोळा केला, तेव्हा कुठे घागर भरली. राजेसाहेबांनी घागरीकडे पाहिलं. ठाणेदारांनी आभाळाकडे.

"आता ठाणेदारसाहेबांनीच दमणीवर बसून कासरा धरावा," राही म्हणाली, "म्हणजे मी बैलांना हात लावला असं कुणी म्हणायला नको. आणि महाराज, आधीच सांगून ठेवते. साक्ष बावीस पावलांची आहे. मोजायला माणूस ठेवा."

"माणूस कशाला? मीच मोजतो!" म्हणत राजेसाहेब गंमत बघायला दमणीत चढून बसले.

राहीनं घागर डोक्याच्याही वर उचलली आणि दमणीच्या मागे रस्त्याकडेला असलेल्या गुरांच्या दगडी डोणीत सगळं पाणी एकदम ओतलं. भस्सकन आवाज झाला.

बैलांचे कान ताठ झाले. आणि दोघं एका चालीनं मागे मागे सरकू लागले!

"अरे, पुढं! हैक! हैक!" ठाणेदार ओरडले. बैलांनी ठाणेदारांना ठाण्यातल्या तक्रारीइतकीच किंमत दिली.

"एक... दोन... तीन..." राजेसाहेब मोजत होते. विसाव्या पावलाला 'उत्तम' रस्त्यातल्या खड्ड्यात चाक गेलं, पण फेरी पुरी केल्याशिवाय बैल थांबेनात. आणखी दोन पावलं रेटली, दमणी कलंडली आणि राजेसाहेब व ठाणेदार जोडीनं खड्ड्यात बसले. बैल जागच्या जागी उभे!

"बावीस!" खड्ड्यातून आवाज आला. "पोरी, ही काय जादू?"

"जादू कसली, महाराज! मोट रिकामी झाली की पाण्याचा आवाज होतो, आणि बैलांना मागल्या पावली पुन्हा विहिरीकडे जावं लागतं. दिवसातून शंभर वेळा तेच. गाडीच्या बैलाला हे कोण शिकवणार? आमच्या मोटेची धाव, म्हणजे बैलांची ये-जा करायची वाट, मोजून बघा."

शिपाई पळाला. धाव भरली बावीस पावलं.

राजेसाहेबांनी धुळीनं माखलेल्या ठाणेदारांकडे पाहिलं. "रंभाजी, आता कागदावर काय लिहू?"

ठाणेदार मिशीतली धूळ झटकू लागले. राहीच म्हणाली, "एक चोरी झाली असं लिहा, महाराज. पण तपासाचं कौतुकही लिहा हं! माल शोधायला ठाणेदारसाहेबांना ठाण्याबाहेर पाऊलसुद्धा टाकावं लागलं नाही!"

राजेसाहेब असे हसले, असे हसले, की खड्ड्यातून उठायचंच विसरले. मग तिथे बसूनच त्यांनी ते सोन्याचं कडं राहीच्या हाती दिलं, रंभाजींना गावच्या मोटेवर पाणी ओढायच्या कामी नेमलं, आणि इथून पुढे प्रत्येक तक्रार आठवडी बाजारात मोठ्यानं वाचून दाखवायचा हुकूम सोडला.

भिंगऱ्या आणि त्याचा जोडीदार चांद्या घरी आले. रस्ताही आठ दिवसांत झाला. खड्डा आता राजेसाहेबांच्या माहितीतला होता ना!