नाव कुणी सोडली?

नदीकाठी एक गाव होतं. त्या गावात एक म्हातारी एकटीच राहायची. तिचा चौदा वर्षांचा मुलगा पुराच्या दिवशी नाहीसा झाला होता. बारा वर्षं वाट पाहून तिनं त्याच्या नावानं पाणी सोडलं.

त्यानंतर सहा वर्षांनी एक दाढीवाला माणूस तिच्या दारात उभा राहिला. "आये, मी आलो."

म्हातारी उंबऱ्यातच थबकली. "पंच हो म्हणाले तर आत घेईन." एकदा रडून झालेलं माणूस पुन्हा गमवायची तिच्यात ताकद नव्हती.

पारावर पंच बसले. गिऱ्हाईक मडकं वाजवून घेतं, तसं त्यांनी त्याला वाजवून पाहिलं. बापाचं नाव? सांगितलं. आजोळ? सांगितलं. कुलदैवत? तेही सांगितलं.

"अहो, एवढं तर बहुरूपीसुद्धा पाठ करून येतो!" पाटील म्हणाले. लोक हसले. म्हातारी हसली नाही.

कडेला गावचा नावाडी बसला होता. त्याच पुरात त्याची नाव वाहून गेली होती आणि ती आणायला उडी घेतलेला त्याचा धाकटा भाऊ परत आला नव्हता. दोर तुटला, असंच सारं गाव समजून होतं.

नावाडी उठला. "नाव सगळेच सांगतात रे. नाव कुणी सोडली, ते सांग."

त्या माणसाचा चेहरा उतरला. 'ठाऊक नाही' म्हटलं असतं, तर फार तर तोतया ठरून आल्या वाटेनं सुखरूप गेला असता. त्यानं एकदा आईकडे पाहिलं.

"मीच, काका. गंमत म्हणून कोयत्यानं दोर कापला. तिसऱ्या घावाला तुटला. तुमच्या भावानं उडी घेतलेली पाहिली, आणि पळालो."



"नाव बांधायच्या खुंटावर कोयत्याच्या तीन खाचा आहेत," नावाडी सावकाश म्हणाला. "अठरा वर्षं मी कुणाला बोललो नाही. हा तोच. नाव-गाव कुणीही चोरील, हे कोण चोरणार?"

"मग शिक्षा?" पाटलांनी विचारलं.

"तोतया असता तर हाकलला असता. आता गावचाच निघाला, कुठं हाकलता? माझे हात वल्ह्याला पुरत नाहीत. उद्यापासून जन्मभर नाव हा चालवील. आणि माझ्या भावाला पाणीही हाच देईल."

मुलानं मान खाली घातली.

म्हातारी उठली. भर पंचांत तिनं त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली आणि मनगट धरून त्याला घरी नेलं. परक्याला असं कुणी मारत नाही.

तात्पर्य एवढंच: नाव-गाव सांगून माणूस कळतो, ओळख पटते ती आपल्या हातून घडलेल्यापुढे 'मीच' म्हणून उभं राहिल्यावर.