मुलगी शहाणी झाली

एकदा एका तालुक्याच्या गावी, लोकवर्गणीतून चालणाऱ्या बालचिकित्सालयात, एक वृद्ध डॉक्टर आणि त्यांची शिष्या केतकी रुग्ण तपासत बसले होते. मन एका जागी ठरत नाही, अंग स्वस्थ बसू देत नाही, अशी मुले तिथे दूरदूरहून येत. त्या दिवशी शैला आपल्या सात वर्षांच्या चैत्रालीला घेऊन आली. ही केतकीची रुग्ण. शाळेने ‘मुलीला आवरा, नाहीतर घेऊन जा’ असे बजावले, तेव्हा केतकीनेच एडीएचडीचे, म्हणजे अतिचंचलतेच्या विकाराचे, निदान करून औषध सुरू केले होते.

“काय सांगू मॅडम, आता जागची हलत नाही,” शैला हरखून म्हणाली. “बाईंनी वर्गात कौतुक केलं. घरात मूल आहे की नाही, तेच कळत नाही.”

केतकीचा चेहरा उजळला. वृद्ध डॉक्टरांनी मात्र टेबलावरचा ठोकळ्यांचा डबा मुद्दाम खाली लोटला. एवढा खडखडाट झाला की बाहेर कुणाचे तरी तान्हे बाळ रडू लागले. चैत्रालीने एकवार खाली पाहिले आणि हात मांडीवर ठेवून ती तशीच बसून राहिली.

“जेवते का?” डॉक्टरांनी विचारले.

“तेवढं कमी झालंय.”

डॉक्टरांनी कागद पुढे ओढून औषधाची मात्रा निम्मी केली.

शैला घाबरली. “नका हो साहेब! परत तसंच झालं तर शाळेतून काढतील. मी कुठे जाऊ हिला घेऊन?”

“शाळेशी मी स्वतः बोलतो,” ते म्हणाले.

मायलेकी गेल्यावर केतकीला राहवेना. “सर, गुण आला होता. माझं काय चुकलं?”

“निदान बरोबर आहे. औषधही तेच हवं, म्हणून तर बंद केलं नाही. मात्रा तेवढी जास्त होती; एवढे ठोकळे सांडले, तरी तिला खाली वाकावंसंही वाटलं नाही. पण केतकी, औषधाने तिचं मन तिच्या ताब्यात यायला हवं. इथे वर्गाला शांतता मिळाली, आईला विसावा मिळाला, तुला यश मिळालं. तिला काय मिळालं?”

आज त्या मुलीचा आवाजसुद्धा आपण ऐकला नाही, हे केतकीला तेव्हा जाणवले.

पुढच्या खेपेला चैत्राली चुळबुळतच आत शिरली. गणिते पुरी करते, मध्येच उठावेसे वाटले तर बाई फळा पुसायला लावतात, असे शैला सांगत होती. तोवर पोरगी डॉक्टरांच्या खुर्चीला खेटून उभी राहिली होती.

“आजोबा, तुमच्या कानात केस का आहेत?”

“चैत्राली!” शैला ओशाळली.

डॉक्टरांनी फक्त शिष्येकडे पाहिले. केतकी आईला शाळेविषयी आणखी काही विचारणार होती. तिने तो प्रश्न बाजूला ठेवला आणि आपले स्टूल मुलीजवळ सरकवले.

घरातले खोडकर मूल एकाएकी शहाणे झाले, तर कौतुक करण्याआधी क्षणभर त्याच्याजवळ बसावे.