टॅबलेट आणि भिंतीवरची पाल

वस्तू आणि प्राणी आपापसांत बोलायचे, तेव्हाची गोष्ट. एका शाळेत एक टॅबलेट होता, मोठा हुशार आणि भारी उतावळा. प्रश्न वाचून छोटी मुक्ता जरा थांबली, की हा उत्तर दाखवून मोकळा! हळूहळू मुक्ता विचारच करेनाशी झाली. नुसती काचेकडे बघत बसायची.

एका सुस्त दुपारी टॅबलेटने भिंतीवरच्या पालीला विचारलं, "पालताई, किडा समोर आहे, तरी तू गप्प कशी?"

"घाई केली की उडून जातो रे बाळा," पाल पुटपुटली.

पुढच्या प्रश्नाला टॅबलेटने उत्तर गिळून टाकलं. पंखा संथ फिरत राहिला. ऊन फरशीवरून सरकत गेलं. मग मुक्ताचे ओठ हलले.

तिचा आवाज त्याने आज पहिल्यांदाच ऐकला.