हलला नाही तो लपला

चूक म्हाताऱ्या तित्तराची होती, हे आधीच सांगतो.

फार पूर्वी एका माळावर तित्तरांची पिल्लं लपाछपी खेळत आणि तो पंच असे. त्याचा नियम एकच होता: जो हलला नाही, तो लपला. एका उन्हाळ्यात वणव्याने सगळं गवत जळालं, तरी नियम तोच राहिला.

त्याची नात भुरी म्हणाली, "आजोबा, मी उघड्या राखेवर बसलेय. आंधळ्यालाही दिसेन."

"हललीस का? नाही ना? मग तू लपलेली आहेस. मला नियम शिकवू नकोस."

तेवढ्यात ससाणा आला. बाकीची पिल्लं बोरीच्या जाळीत पळाली. "हलू नका," म्हातारा ओरडला. भुरीने ऐकलं.

ससाण्याला नियम माहीत नव्हता.

म्हाताऱ्याला ती एकच नात होती.