कार्यसम्राटांचं कार्य

वडजाईच्या शाळेत प्रयोगशाळेचं सामान येऊन वर्ष लोटलं, पण खोलीचं कुलूप काही निघेना. उद्घाटनाला मंत्री मिळेपर्यंत किल्ली संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब ढमढेरे यांच्या खिशात. दहावीची प्रात्यक्षिकं तोंडावर आलेली आणि विज्ञानाच्या कोंडविलकर बाई अर्ज करकरून थकलेल्या.

एकदा ऐन तासाला तात्यासाहेब वर्गात शिरले. फळ्यावर बाईंनी लिहिलं होतं: कार्य = बल × विस्थापन.

“गावभर माझे फलक आहेत, कार्यसम्राट म्हणून,” ते मिशीत हसले. “होऊन जाऊ दे बाई. माझं कार्य मोजून दाखवा पोरांना.”

बाईंनी खडू उचलला. “साहेब, तुमचं बल तर अफाट. आता विस्थापन, म्हणजे वस्तू जागची किती हलली ते. प्रयोगशाळेची कडी वर्षभरात बोटभरही हललेली नाही.” त्यांनी भलंमोठं शून्य काढलं. “अफाट बलाला शून्याने गुणलं की?”

“शून्य,” अख्खा वर्ग म्हणाला.

तात्यासाहेबांचे कान लाल झाले. “मग हे शून्य जायचं कसं?”

“किल्ली फिरवा, साहेब. कडी बोटभर सरकली तरी जाईल.”

पुढचा तास प्रयोगशाळेत झाला, मंत्र्यावाचून. फळ्यावरचं शून्य तेवढं तात्यासाहेबांनी जाताना स्वतःच्या हाताने पुसलं.