पडद्यामागचं पाणी

"मग पडते कशी, ते तरी सांगशील?"

मुजावर सरांनी एवढंच विचारलं, आणि यशोधन डॉक्टरांचं पेन थांबलं.

मी तेव्हा मिरजेत एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात सिस्टर होते. सरांचं वय झालेलं. ऑपरेशनं त्यांनी केव्हाच सोडली होती, पण सकाळी येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे. यशोधन डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी, विद्यापीठाचे सुवर्णपदकवाले. पदक घरी असायचं, मान मात्र ते गळ्यात असल्यासारखी ताठ.

समोर बेडग गावची सुवर्णा बसली होती. तिच्या मांडीवर पाच वर्षांची तनू. पोरीच्या हनुवटीवर ताजे टाके.

"सर, पडण्याचा इथं काय संबंध?" यशोधन डॉक्टर म्हणाले. "आईची तक्रार होती, पोरगी ऐकत नाही. मी तपासलं. दोन्ही कानांच्या पडद्यांमागं पाणी आहे, गेले चार महिने आहे. पण ऐकू जवळजवळ व्यवस्थित येतंय. मशीन खोटं बोलत नाही. पडद्यात नळी घालायची काही गरज नाही. मुलगी धांदरट आहे, बास."

सर सुवर्णाकडं वळले.

"ताई, ऐकत नाही म्हणजे काय करते?"

"बघून चाल म्हटलं तर ऐकत न्हाई वो! सांगून सांगून तोंड दुखलं माझं. सपाट अंगणात पडती. लाइट गेली की लईच पडती. परवा चुलीपाशी पडली... हात जाळात जायचा राहिला." तिचा आवाज फुटला. "मी मारती वो तिला. पडली की मारती."

तनू टाक्यांवर बोट फिरवत बसली होती. चाललंय ते आपल्याबद्दल, हे तिला बरोबर कळत होतं. ऐकू येतच होतं की!

मला असा राग आला म्हणता! कुणाचा, ते मात्र ठरेना.

सर उठले.

"सिस्टर, टेबलावरची गादी जरा खाली टाका."

मी ती जाड स्पंजची गादी फरशीवर टाकली.

"यशोधन, बूट काढ. उभा राहा हिच्यावर."

"सर, बाहेर केवढी गर्दी आहे..."

"राहा."

डॉक्टर उभे राहिले. सुवर्णपदकवाल्यांचा मोजा अंगठ्यापाशी फाटका निघाला. मी पंख्याकडं बघत राहिले.

"डोळे मीट. पाय जवळ घे... पडलास?"

"नाही."

"का नाही?"

"का म्हणजे? पाय आहेत ना घट्ट."

"पायाखाली लिबलिबीत गादी. पायांना काय कळतंय?"

"...फारसं नाही."

"डोळ्यांना?"

"मिटलेत, सर."

"मग तुला उभं कुणी धरलंय, बेटा?"

यशोधन डॉक्टरांचे डोळे मिटलेलेच. थोड्या वेळानं त्यांचा उजवा हात सावकाश वर गेला आणि कानाची पाळी धरून तिथंच थांबला. दारातून कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, डॉक्टरांनी कान पकडला.

"उतर," सर म्हणाले. "तनूबाई, तुम्ही येता का?"

पोरीला केवढा आनंद! टुणकन चढली. डोळे उघडे होते तोवर छान उभी राहिली.

"आता डोळे मीट बघू. मी धरतो तुला."

"नको."

"का गं?"

"मिटलं की खोली हलती."

"आईला सांगितलंस हे?"

तनूनं सरांकडं बघितलं. एवढा मोठा माणूस काय विचारतोय, असं.

"सगळ्यांचीच हलती की."

...

सुवर्णानं पदर तोंडाशी धरला.

यशोधन डॉक्टर एका पायात बूट घालून तसेच उभे होते.

"सर... पण पाणी आहे मधल्या कानात. तोल सांभाळतो तो आतला कान. मधे भिंत आहे. मग अलीकडचं पाणी पलीकडं कसं ढवळतं?"

"नक्की मलाही ठाऊक नाही."

"तुम्हाला?"

"दाब पोचत असेल. आणखी काही असेल. पुस्तकंही एकमेकांशी भांडतात." सरांचे डोळे चमकत होते. "पण हा प्रश्न मघाशी कुठं होता तुझा?"

"नळी घातली की थांबेल पडणं?"

"पुष्कळ मुलांचं थांबतं. हिचं थांबतं का, बघू या."

पुढच्या आठवड्यात यशोधन डॉक्टरांनी दोन्ही कानांतलं पाणी काढलं, आणि आत हवा जात राहावी म्हणून पडद्यांत तांदळाच्या कणीएवढ्या नळ्या बसवल्या. हात त्यांचा सोन्यासारखाच, ते नाकारून चालणार नाही.

महिन्याभरानं माय-लेकी आल्या तेव्हा नेमकी वीज गेलेली. आमच्या दवाखान्याचा बोळ म्हणजे भरदुपारीही काळोख. तनू भिंतीला हात न लावता तुरुतुरु पुढं, आणि आईच मागून चाचपडत, "अगं थांब की!" करत.

सुवर्णा हसत होती आणि रडतही होती.

"एकदाबी पडली न्हाई वो डॉक्टर! आता त्या नळ्या काढायला कवा येऊ?"

"छे, काढाव्या नाही लागत," यशोधन डॉक्टर झोकात म्हणाले. "वर्षभरात आपोआप पडतात."

सुवर्णाचं हसू गेलं.

"पडत्यात?"

"हो."

तिनं तनूला खसकन जवळ ओढलं. "म्हंजी मग ही बी... परत..."

"अहो ताई, घाबरू नका, तसं काही..."

कोपऱ्यातून सरांचा हात वर झाला.

"थांब," ते म्हणाले. "त्यांचं घाबरून होऊ दे आधी."