पियानोचा पट्टा

वस्तू एकमेकींशी मोकळेपणी बोलत असत, त्या काळची गोष्ट. एका संगीतशाळेतला मोठा पियानो वरच्या मजल्यावरून खालच्या दालनात न्यायचा होता. हमालांनी त्याचे तिन्ही पाय काढले, त्याला गोधडीत गुंडाळून जाड फळीवर आडवा केला आणि रुंद पट्ट्याने फळीशी आवळून बांधला.

"गोधडीताई, तुम्ही किती मऊ हो!" पियानो म्हणाला. "नाहीतर हा पट्टा! अरे, मागच्या जन्मीचा वैरी आहेस का माझा?"

पट्ट्याला फार लागलं. पियानो त्याला मनापासून आवडायचा. त्याने आपल्यालाही कधी गोड हाक मारावी, एवढंच त्याला हवं होतं.

जिन्याच्या तोंडाशी पियानो हळूच म्हणाला, "जरा सैल हो ना, राजा. जन्मभर दोस्त म्हणेन तुला."

पट्टा विरघळला. बकलातून बोटभर सैल झाला. पहिल्याच पायरीवर फळी कलली, पियानो घसरला आणि त्याच्या पोटातल्या सगळ्या तारा एकदम किंचाळल्या. पट्ट्याने जिवाच्या आकांताने त्याला पुन्हा आवळलं.

"सोड, दुष्टा! कळ येतेय!"

"दोस्त नको म्हणूस," पट्टा धापा टाकत म्हणाला. "हव्या तेवढ्या शिव्या दे. पण मी सोडायचा नाही."

शिव्या खात खात तो खाली पोहोचला. पियानोवर साधा ओरखडाही नव्हता. हमालाने बकलाला हात घातला, तसा पियानो घाईघाईने म्हणाला, "थांबा हो, एवढ्यात नको. जरा वेळ राहू दे की त्याला."